जवळपास बरोबर इंग्रजी: एक मार्गदर्शन

अर्थ बघून शब्द निवडणं ही जुनी आणि वेळखाऊ पद्धत झाली. तुम्ही कानाने निवडा. साधारण तसाच ऐकू येणारा, जमल्यास मूळ शब्दापेक्षा थोडा लांब असा शब्द उचलायचा आणि मेल धाडून द्यायचा. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधी आणि 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचा. पण दुसरा लांब आहे, म्हणजे तोच भारदस्त. तेव्हा देशापुढे 'इकॉनॉमिकल क्रायसिस' उभा आहे असं बेधडक लिहा. संकट स्वस्तात पडलं तर कुणाला नको आहे?

सुरुवात नोकरीच्या अर्जापासून करावी. कष्टाळूपणा दाखवायला 'आय वर्क हार्डली' यासारखं वाक्य नाही. 'क्विक'चं 'क्विकली' होतं, मग 'हार्ड'चं 'हार्डली' व्हायलाच हवं. आता 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. पण निदान प्रामाणिकपणाचे गुण मिळतील. पुढच्या ओळीत, आधीचा प्रकल्प 'ड्यू टू माय ओव्हरसाइट' पार पडला असं ठोका. 'ओव्हरसाइट'चे अर्थ दोन, देखरेख आणि नजरचूक. आधी 'अंडर' आलं तर देखरेख समजतात, 'ड्यू टू' आलं की सरळ नजरचूक. 'सुपरव्हिजन' लिहून हा घोळ टाळता येतो, पण मग मुलाखत घेणाऱ्यांनी हसायचं कशाला?

आपल्याला एक जास्तीची सवलत आहे, ती म्हणजे देवनागरी. 'कॉम्प्लिमेंट' देवनागरीत एकच. रोमन लिपीत मात्र मधे 'आय' असेल तर कौतुक, 'ई' असेल तर पूरक वस्तू. 'प्रिन्सिपल'च्या शेवटी 'पीएएल' असेल तर मुख्याध्यापक किंवा कर्जाचं मुद्दल, 'पीएलई' असेल तर तत्त्व. त्यामुळे 'मी तत्त्वाचा माणूस आहे' असं सांगताना स्वतःला मुद्दलाचा माणूस ठरवून घेणं सहज जमतं. 'स्टेशनरी'त शेवटच्या 'आर'च्या आधी 'ए' आला तर जागचं न हलणारं, 'ई' आला तर कागद-पेन. 'एन्व्हलप' ज्या 'ई'ने सुरू होतो तोच 'ई' कागद-पेनाच्या स्टेशनरीत असतो, अशी खूण सांगायला कुणी आलंच तर कानात बोटं घाला. एकदा ऐकली की विसरता येत नाही.

'लूज'चं तर विचारूच नका. दोन 'ओ' असले की ढिला, आणि उच्चार 'स'कडे झुकणारा. एकच 'ओ' असला की गमावणं, आणि उच्चार 'झ'चा. आपण दोन्हींना 'लूज' म्हणून मोकळे होतो. वजन कमी करण्याचा संकल्प दोन 'ओ' घालून लिहा. वजन तेवढंच राहील, फक्त ढिलं होईल.

'अफेक्ट' बहुधा क्रियापद आणि 'इफेक्ट' बहुधा नाम, एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. म्हणून तुम्ही उरलेल्या दहापासून सुरुवात करा. 'इफेक्ट' क्रियापद झाला की 'घडवून आणणं' असा अर्थ होतो. 'इफेक्ट चेंज' म्हणजे बदल घडवणं. 'अफेक्ट चेंज' म्हणजे आधीच चाललेल्या बदलावर परिणाम करणं. बढती मागताना दुसरं लिहा.

स्पेलचेकवर डोळे मिटून विश्वास ठेवा. साधा स्पेलचेक शब्द यादीत आहे का एवढंच बघतो. तो तिथे शोभतो का, हे त्याच्या कामात बसत नाही. 'पब्लिक'मधला 'एल' गळला की उरणारा शब्द जांघेच्या परिसरातला आहे आणि कोशात रीतसर आहे, त्यामुळे लाल रेघ उमटत नाही. सावध संपादक छापण्यापूर्वी तो शब्द मुद्दाम 'फाइंड'मध्ये टाकून शोधतात. तुम्ही नका शोधू, जाहीर सूचना एरवी वाचतं कोण? ऑटोकरेक्ट तर आणखी उदार. 'डेफिनिटली'चं स्पेलिंग चुकलं की तो कधीकधी 'डिफायंटली' करून देतो, आणि 'नक्की येतो'चं 'बंड करून येतो' होतं.

काही मंडळी उगाच गंभीर होतात. हायड्रॅलाझिन रक्तदाब उतरवतं, हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात. नावं इतकी सारखी की २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांना अशा नावांतली वेगळी अक्षरं कॅपिटलमध्ये छापायला सुचवलं. ब्रिटनमध्ये २००९ साली 'टेलर अँड सन' नावाची कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि सरकारी नोंदवहीत बुडाली 'टेलर अँड सन्स'. शंभरावर वर्षं चाललेली दुसरीच कंपनी, एका 'एस'ने. पुरवठादारांनी उधारी थांबवली आणि धंदा खरोखरच बसला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरलं. एवढ्याशा 'एस'वरून कोर्टकचेरी, म्हणजे बघा लोकांना किती वेळ असतो.

राहता राहिला तुमच्या चुका काढणारा शेजारच्या टेबलावरचा शहाणा. त्याच्याशी वाद घालू नका. नम्रपणे म्हणा, आपण 'बायमंथली' भेटून या विषयावर बोलू. महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा हे दोन्ही अर्थ कोशांत आहेत. तो कोणत्या अर्थाने येतो ते बघा आणि तुम्ही दुसऱ्या अर्थाने जा.