व्हर्च्युअल म्युझियम काढताय? पायऱ्या ठेवा बरं

भाऊ, तुम्ही व्हर्च्युअल म्युझियम काढताय म्हणे, अभिनंदन. नागपूरचा अजबबंगला, म्हणजे तिथलं जुनं म्युझियम, १८६३ पासून उभा आहे, पण आमच्या गावावरून तिथं जायचं म्हणजे आधी एसटीची ती गुडघ्याच्या वर येणारी पहिली पायरी, मग कंडक्टरची घाई, मग व्हीलचेअर ठेवायची कुठं यावर अर्ध्या गाडीचं भांडण. म्हणून तर घरबसल्या म्युझियम. पण घरबसल्या सगळेच यायला लागले तर आपली शान काय राहिली? थोड्या पायऱ्या तिथंही पाहिजेत.

सगळ्यात स्वस्त पायरी म्हणजे फोटोला अल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारं मागचं वर्णन, द्यायचंच नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळात, म्हणजे दगडांनी वेढलेल्या पुरातन थडग्यात, घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज सापडला, म्हणजे लोहयुगातल्या आपल्याच माणसानं घोडा साजासकट पुरला होता, हे दोन ओळींत लिहिलं की न दिसणाऱ्यालाही कळून जाईल. तर लिहू नका. कॅमेऱ्यानं फाईलला जे नाव दिलं तेच राहू द्या.

माझ्या मावसभावाला जन्मापासून दिसत नाही. टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन चालवतो, आवाजाचा स्पीड एवढा की आपल्याला वाटतं मिक्सर सुरू आहे, त्याला मात्र शब्द न् शब्द कळतो. परवा ओट्यावर बसून असंच एक म्युझियम उघडलं त्यानं. फोन म्हणे, "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य चार एक." बोट सरकवलं. "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य चार दोन." असं अख्खं दालन पाहिलं त्यानं. आतून मावशी विचारते, "काय पाह्यतं रे बावा?" तर हा म्हणे, "आकडे पाह्यतो माय, मटका लावाचा काय?"

माहिती लिहायचीच असेल तर युनिकोडच्या नादी लागू नका, जुन्या कृतीदेव फॉन्टमध्येच टाईप करा. डोळ्याला मराठी दिसते, आत सगळी इंग्रजी अक्षरं, मग स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याचं जे काही वाचतो ते ऐकून भूत उतरवणारा मांत्रिकही घाबरेल. याहून पक्कं काम पाहिजे तर प्रिंट काढा, शिक्का मारा आणि वाकडं स्कॅन करून पीडीएफ टाका, अख्खं पान नुसतं चित्र होतं, वाचायला शब्दच उरत नाही.

व्हिडिओला कॅप्शन नको, साईन लँग्वेजवाला तर नकोच, त्याच्या जागी तुतारी वाजवा. करड्यावर पांढरी अक्षरं ठेवा. वेबसाईटच्या नियमात अक्षर आणि मागच्या रंगातला फरक किमान ४.५ला १ असावा म्हणतात, पण डिझायनरला आवडलं म्हणजे झालं. थ्रीडी दालनात फिरायला फक्त माऊस, ज्याचा हात थरथरतो किंवा जो कीबोर्डवरच चालवतो त्यानं दारातूनच नमस्कार करावा. वरच्या कोपऱ्यात मात्र व्हीलचेअरचं चित्र लावा, मोठं लावा, उद्घाटनाच्या फोटोत आलं पाहिजे.

कोणी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा काढेल, त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे, डिजिटल गोष्टीही सगळ्यांना वापरता याव्या असं आहे म्हणेल. एखादा सांगेल एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डिजिटल ॲक्सेस जगण्याच्या हक्कात धरला. चहा पाजा त्याला. आणि एक सांभाळा, एनव्हीडीए नावाचा कॉम्प्युटरचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तेव्हा ऑफिसातल्या एखाद्या पोराला डोळे मिटून आपलं म्युझियम फिरून पाहायची दुर्बुद्धी होऊ देऊ नका, उगाच फाईल वाढते.

राहिली तक्रार. फॉर्म ठेवा, पण खाली कॅप्चा टाका, तो वेड्यावाकड्या अक्षरांचा, बिनआवाजाचा. मावसभावानं फॉर्म भरला आणि कॅप्चासाठी फोन माझ्या हातात दिला. मला दोन्ही डोळे आहेत, तरी तीनदा चुकलो. चौथ्यांदा गेला एकदाचा.

आठ दिवसांनी उत्तर आलं हो, ते कबूल करावं लागेल. रात्री फोन घेऊन आला माझ्याकडे.

"काय लिवलं हाय त्यात, सांग न बे. मले त नुसतं 'इमेज' म्हन्ते."