येवा, कोकण आपलाच आसा (आधी शाळेत बसा)

साथीच्या दिवसांत बेट पर्यटकांना कधी उघडावं, यावर मत बनवण्याआधी आपल्याकडे भाड्याने द्यायच्या खोल्या किती आहेत ते मोजा. एकही नसेल तर तुम्ही शास्त्राच्या बाजूचे. दोन असतील तर 'माणसानं जगायचं कसं' या बाजूचे. आठ-दहा एसी खोल्या, पुढ्यात माडाची बाग आणि डोक्यावर बँकेचा हप्ता असेल, तर तुम्हाला बाजू घ्यायची गरजच नाही. तुमचं मत त्या दिवसापासून 'स्थानिकांची भावना' म्हणून ओळखलं जाईल.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत, मालवणात. वरच्या खोलीच्या खिडकीतून, पडदा पूर्ण सारून मान थोडी डावीकडे केली, तर दोन माडांच्या मधून समोरच्या बेटावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचा पापलेटाएवढा तुकडा दिसतो. त्या तुकड्याचे मी रात्रीला तीनशे रुपये जास्त घेतो. 2020 आणि 2021 अशी कोरोनाची दोन वर्षं मी हे बेट उघडायच्या चर्चेत हिरिरीने भाग घेतला, दोन्ही बाजूंनी. म्हणून पुढची साथ येईल तेव्हा आपल्या उपयोगी पडावं, एवढ्या निर्मळ हेतूने हे चार शब्द.

पहिलं म्हणजे परदेशाचा दाखला जवळ ठेवा. आपल्याला उघडायचं असेल तर मालदीव म्हणा. त्यांनी 15 जुलै 2020 लाच दारं उघडली. तिथे बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, पाहुणा दुसऱ्या कुणाच्या अंगणात शिरूच शकत नाही, हे मात्र बोलू नका. नाहीतर कुणीतरी आपल्या जेटीवरची मे महिन्यातली रांग आठवेल. बंदच ठेवायचं असेल तर लक्षद्वीप म्हणा. तिथे कोचीला विलगीकरणात बसवल्याशिवाय माणूस बोटीत चढू देत नव्हते, आणि जानेवारी 2021 पर्यंत एकही रुग्ण नव्हता. मग नियम सैल केले आणि पहिला रुग्ण सापडला. कुठल्याच बाजूला राहायचं नसेल तर बाली आहे. बालीने ऑक्टोबर 2021 मध्ये परदेशी पाहुण्यांना 'या' म्हटलं, पण थेट विमानं यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे दार उघडं आणि ओटा रिकामा.

फुकेतचं नाव मात्र जपून घ्या. 1 जुलै 2021 ला ते उघडलं तेव्हा लस घेतलेल्या पाहुण्याला पुढे थायलंडात फिरायचं असेल तर आधी चौदा रात्री बेटावर काढाव्या लागत. आमच्या तालुक्यात हे सांगितलंत तर सगळे गप्प होतात. आमच्याकडे चौदा रात्री काढल्या त्या फक्त चाकरमान्यांनी. त्यावर पुढे येतो.

बेट उघडायची मागणी करण्याआधी ती कुणाकडे करायची ते नक्की करा. ही सोपी गोष्ट नव्हे. सिंधुदुर्ग हा किल्ला एक, पण त्याच्या किल्ल्या चार. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी केली आणि तीन वर्षांत काम पुरं झालं; तेवढ्या काळात आमच्या निवेदनावर पोच मिळते. स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, होडी मेरीटाइम बोर्डाच्या परवान्याची, साथीचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांचे, आणि चौथी किल्ली समुद्राकडे. 2020 च्या मार्चमध्ये देशातली संरक्षित स्मारकं बंद झाली आणि केंद्राने 6 जुलैपासून ती उघडायला परवानगी दिली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ती 16 जून 2021 ला उघडायची ठरली. दोन्ही तारखा वाचून आमच्या जेटीवर हशा पिकला. जून-जुलैत किल्ल्यावर कोण जातो? प्रवासी होड्या मेअखेरीलाच वर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, त्या ऑगस्ट सरल्यावर पाण्यात उतरतात. दिल्लीने दोन वेळा किल्ला उघडला आणि दोन्ही वेळा समुद्राने तो बंदच ठेवला.

त्यावरून आठवलं. समुद्र दरवर्षी तीन महिने आमचं पर्यटन बंद करतो, 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते, पण 'अर्थचक्राचं काय' असं समुद्राला विचारायला अजून कुणी गेलेलं नाही. निवेदन नाही, मोर्चा नाही, पन्नास टक्के क्षमतेने लाटा सुरू ठेवा अशी विनंती नाही. नारळीपौर्णिमेला उलट आम्हीच त्याला नारळ देतो. विषाणूला नारळ चालत नाही, ही त्याची मोठी गैरसोय. म्हणून तर चर्चा करावी लागते.

चर्चेत गावपळणीचा विषय कुणाला काढू देऊ नका. आचऱ्याला दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे. तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या घालून राहतात आणि परतायचं की नाही ते पुन्हा देवाला विचारतात. कौल झाला तर घरी, नाही झाला तर आणखी मुक्काम. देव परत का पाठवत नाही, याची कारणं कुणी मागत नाही. तिथे आदल्या रात्री गुपचूप घरी शिरायची सोय नाही आणि मोटार असलेल्याला वेगळी वेळही नाही. असली उदाहरणं सभेत निघाली की वातावरण बिघडतं.

आम्हाला देवाऐवजी 2021 च्या जूनमध्ये निर्बंधांचे पाच स्तर मिळाले. चाचण्यांत बाधितांचा टक्का पाचाच्या खाली तर पहिला-दुसरा, पाच ते दहा तिसरा, दहा ते वीस चौथा, विसाच्या वर पाचवा. शिवाय ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या त्याचं निराळं गणित. शेजारचे तात्या पोस्टातून निवृत्त झालेले. ते दर आठवड्याला पायरीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार करत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी उपाय शोधला. "खोकणाऱ्यांची कशाला चाचणी करतत? धडधाकटांची करा. टक्को आपसूक खाली येतलो." हा विचार फक्त तात्यांनाच सुचला असेल, असं मी तरी म्हणणार नाही. तुम्हीही दशांश चिन्हाशी ओळख वाढवा, त्याच्या अलीकडे-पलीकडे बरीच दुकानं बसतात.

एक मात्र खरं सांगतो, थट्टा बाजूला ठेवून. भीती खोटी नव्हती. आमच्या जिल्ह्यात दुखणं जरा मोठं झालं की घरात एकच वाक्य उमटतं, "बांबुळीक न्हेवा." बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गोव्यात. आणि 2020 च्या मार्चमध्ये गोव्याची हद्द बंद झाली तेव्हा ते वाक्य म्हणायचीही सोय उरली नाही. मग माणसं काय करतात? जे करता येतं ते करतात. रस्त्यावर आडवी झाडं टाकतात.

आमच्या वाडीच्या तोंडावर एक पत्र्याचा फलक होता. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत 'येवा, कोकण आपलाच आसा', खाली कोपऱ्यात माड आणि होडी. एप्रिल 2020 मध्ये तो काढला आणि पाठ पुढे करून पुन्हा ठोकला. पाठीवर लाल ऑइलपेंटने, 'बाहेरील व्यक्तींस गावात प्रवेश बंद. आदेशावरून'. रंग ओला असतानाच उभा केल्यामुळे 'बंद'वरचा अनुस्वार खाली ओघळला. खिळे मी धरले होते. तेव्हा फलक बनवाल तर दोन्ही बाजू वापरता येईल असाच बनवा, खर्च वाचतो.

त्या वर्षी गणपती 22 ऑगस्टला. चाकरमानी कधी यावेत, किती दिवस वेगळे बसवावेत, चौदा की दहा, यावर जुलैभर गावोगाव जो खल झाला, तेवढ्या खलात वर्षाचं वाटण झालं असतं. सरकारने शेवटी 12 ऑगस्टपर्यंत येणाऱ्यांना दहा दिवस ठरवले, नंतर येणाऱ्यांना चाचणी. एसटीने आलात तर ई-पास नको, स्वतःच्या गाडीने आलात तर हवा. विषाणू लाल डब्याला घाबरतो, असा निष्कर्ष आम्ही त्यातून काढला.

माझा धाकटा भाऊ एसटीने आला. डोंबिवलीहून, दोन मोठ्या पिशव्या घेऊन. एकीत मखराचं सामान. मी आधीच वाडीच्या ग्रुपवर लिहून ठेवलं होतं, 'नियम सगळ्यांना सारखे, माझा भाऊ असला तरी.' त्याला एकोणतीस अंगठे आले. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही वाक्याला एवढे आले नाहीत. भाऊ विलगीकरणाला शाळेत गेला, चौथीच्या वर्गात. मी रोज दुपारी जेवणाचा डबा गडग्यावर ठेवायचो आणि वीस पावलं मागे यायचो. मग तो खिडकीतून विचारायचा, "आज बांगडो की तारली?" त्याने फळ्यावर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. चार उभ्या, एक आडवी. आमची आई त्या दिवसांत रोज शाळेपर्यंत चालत जायची आणि गडग्याशी उभी राहून त्याला घरातल्या गोष्टी ओरडून सांगायची, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं वाडीला कळलं.

त्या दिवसांत माझ्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. हे तुम्ही वाचलंत, पण पुढे जाऊया.

दिवाळी नोव्हेंबरात होती. पाडव्याला देवळं उघडली आणि त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. चौघं, दोन रात्री, किल्ला दिसणारी खोली हवी. तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं ते नीट समजून घ्या. दारात तापमापक धरायचा. माझा नवा होता, तो चौघांनाही 34.2 दाखवत होता; मग गंमत म्हणून गाडीच्या बॉनेटवर धरला, तिथेही तेवढंच. ते वहीत लिहायचं. वही असणं महत्त्वाचं. 'ताप, सर्दी, खोकला?' असा प्रश्न न विचारता 'प्रवास कसा झाला?' असं विचारायचं, म्हणजे उत्तर आपोआप 'छान' येतं. रात्री वरच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. बायको म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हटलं, "घाटातली धूळ असेल." सकाळी घावणे, चहा, सोलकढी. निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कोरोना वगैरे नाही ना?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "आम्ही फार काळजी घेतली." ती खरोखरच घेतली होती. शाळेच्या फळ्यावर पुरावा होता.

फलक तोपर्यंत पुन्हा सुलटा झाला होता. खिळ्यांची भोकं जुनीच.

या सगळ्यात किल्ल्याच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना विचारायचं राहून गेलं. राहूच द्या. त्या बेटावर खरोखर राहतात अशी तीच माणसं, आणि ज्यांचं घरच बेटावर आहे त्यांचं बेटाविषयीचं मत एकांगी असतं. पर्यटक आला नाही तर त्यांचं सरबत खपत नाही, आला तर तो त्यांच्या अंगणातून शिंकत जातो. असल्या अडचणीतल्या माणसाकडून ठाम मत येत नाही आणि बैठकीला ठाम मत लागतं. ते देण्यासाठी किनाऱ्यावर आपण आहोतच. 'समतोल साधायला हवा', 'टप्प्याटप्प्याने', 'योग्य ती खबरदारी घेऊन' ही तीन वाक्यं पाठ करा. कुठल्याही क्रमाने म्हटली तरी चालतात.

दुसऱ्या वर्षीचा मे महिनाही बुडाला, हे सांगायला हवं. हंगामातला तोच मोठा महिना. त्यात 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. देवाचा कौल लागेल म्हणून बसलो होतो, तर घरावरची कौलं गेली. पुढे काही दिवस वीज नव्हती, फोन नव्हते, त्यामुळे वाडीच्या ग्रुपवर बेट उघडण्याविषयी कुणाचंही मत नव्हतं. त्या शांततेत छपरं शाकारून झाली.

शेवटी ऑक्टोबरात घटस्थापनेला देवळं पुन्हा उघडली आणि दोनच दिवसांनी, 9 ऑक्टोबर 2021 ला, आमच्या जिल्ह्याच्या नव्या विमानतळावर, चिपीला, विमान उतरलं. दोन वर्षं आम्ही रस्त्याने कोण येतो यावर पहारा करत होतो. पाहुणा आभाळातून आला तेव्हा सगळे हार घेऊन उभे. चर्चा तिथे संपली. निष्कर्ष निघाला असं नाही, सगळे कामाला लागले.

भाऊ दरवर्षी गणपतीला येतो. यंदा जेवताना मी त्याला सांगत होतो की वरच्या खोलीला नवीन पंखा लावलाय, खिडकीपुढचा एक माड तोडून घेतो म्हणजे किल्ला अजून मोठा दिसेल, दर वाढवता येईल. तो काटे बाजूला काढत म्हणाला, "दादा, फुडच्या साथीक माका चौथीचो वर्गच दी हां. थंयसून आख्खो किल्लो दिसता. सी-व्ह्यूचे किती घेतंस, ता आताच सांगान ठेव."