‘काका, सवय बुलेटची आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० या मोटरसायकलची टेस्ट राइड घेऊन मी जो लेख लिहिला, त्याखाली ‘अनामिक’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. कुणाला शोधत बसायला लागू नये म्हणून जशीच्या तशी देतो.

“काका, पाऊण तासाच्या टेस्ट राइडवर गाडीला आळशी ठरवून मोकळे झालात. गाडी आळशी नाही, तुमची सवय बुलेटची आहे. दुसऱ्या गिअरच्या वळणावर चौथा ठेवलात तर कुठलीही गाडी रडेल. सीट उंच म्हणता, ती वर-खाली करता येते हे शोरूममध्ये विचारलंत का? टायरची हवा बघितलीत का? आणि वजन १९९ नाही, १९६ किलो आहे. मीही पाच फूट पाचच आहे, माझे पाय टेकतात.”

वजनाचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. १९६ च. १९९ हा जुन्या हिमालयन ४११ चा (बीएस-६ या प्रदूषण-नियमांतल्या मॉडेलचा) आकडा, आणि ती गाडी माझ्या दारात उभी असल्यामुळे तोच डोक्यात बसलेला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आकड्यांच्या बाबतीत मी एरवी काटेकोर असतो. खारदुंगला खिंडीच्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली, पण प्रत्यक्ष मोजणी १७,५८२ च्या आसपास येते, हे मी लडाखच्या लेखात आवर्जून लिहिलं होतं. त्याखाली कुणी प्रतिक्रिया दिली नव्हती, ते सोडा.

आता ‘काका’. मी ५३ वर्षांचा आहे, तेव्हा काका म्हणायला हरकत नाही. गल्लीतली पोरं म्हणतात, पंपावरचा मुलगा म्हणतो. पण त्यांच्या ‘काका’मध्ये आणि तुमच्या ‘काका’मध्ये फरक आहे, तो तुम्हालाही कळतो. वाक्याच्या सुरुवातीला काका ठेवायचं आणि पुढे गाडी चालवता येत नाही असं सुचवायचं, हे आमच्याकडे पाया पडता पडता पाय ओढण्यासारखं झालं. मुद्दा असेल तर मांडा. वय मधे कशाला?

आणि ते ‘बुलेटची सवय’.

गिअर म्हणजे काय हे मी वडिलांच्या राजदूतवर शिकलो. तिची किक उलटी बसली की नडगी सुजायची. १९९४ साली मी बुलेट स्टँडर्ड ३५० घेतली, जुनीच, दुसऱ्या हाताची. त्या गाडीत गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असायचा. पहिला वर, बाकीचे तीन खाली. न्यूट्रल शोधायला टाचेने दाबायचा वेगळा खटका. मित्राची यामाहा आरएक्स १००, गिअर डाव्या पायातली, मागून आणायची आणि उतरल्यावर परत बुलेटवर बसायचं, तेव्हा पहिले दहा मिनिटं मेंदूला दोन्ही पाय नव्याने शिकवावे लागायचे. साताऱ्यात पोवई नाक्यावर मी एकदा ब्रेक म्हणून गिअर दाबला आहे. टेम्पोवाल्याने जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा सवय मोडून दुसऱ्या गाडीशी जुळवून घेणं मला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या पिढीने ते गाडी बदलली की दर वेळी केलं आहे. तुमच्या पिढीला गिअर डावीकडेच मिळाला.

बुलेट मी २०११ ला विकली. म्हणजे तुम्ही ज्या सवयीबद्दल बोलताय ती मोडून बराच काळ लोटला. २०२१ ला हिमालयन ४११ घेतली, दुसऱ्या वर्षी तिच्यावरून मनाली-लेह केलं, आणि आज रोज तीच चालवतो. तुलना त्या गाडीशी होती, बुलेटशी नव्हतीच. लेखात तसं लिहिलंय, दुसऱ्या परिच्छेदात. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

‘आळशी’ हा शब्द मी कशावरून वापरला तेही सांगतो, म्हणजे काकांना निदान तेवढं कळतं हे दिसेल. ४११ चं इंजिन लांब स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव लांब: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८, स्ट्रोक ८६ मिलिमीटर. ३२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, तीही चार-साडेचार हजार आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आतच. म्हणून ती गाडी घाटात बैलासारखी चालते, घाई नाही पण थांबणंही नाही. ४५० उलट. बोअर ८४, स्ट्रोक ८१.५, म्हणजे स्ट्रोक बोअरपेक्षा छोटा. टॉर्क ४० न्यूटन-मीटर, पण साडेपाच हजारावर. ताकद जवळपास ४० बीएचपी, ती आठ हजारावर. जुनीची २४ च्या जेमतेम वर. म्हणजे नवी गाडी दीडपटीहून जास्त ताकदवान आहे, हे मी नाकारलेलं नाही. पण ती ताकद वरच्या मजल्यावर ठेवली आहे. जिना चढून जा आणि घ्या. तीन हजाराच्या खाली मला ती ‘काय घाई आहे?’ असं विचारल्यासारखी वाटली. याला मी आळशी म्हटलं. वाईट म्हटलं नाही. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत.

यवतेश्वरच्या घाटातल्या त्या वळणावर चौथा गिअर नव्हता, तिसरा होता. तुम्ही मागे बसला नव्हतात. मागे शोरूमचा मुलगा बसला होता, आणि तो काही बोलला नाही. आता ‘तिसराही जास्तच’ म्हणाल. म्हणा. त्याच वळणावरून मी ४११ तिसऱ्यात वर्षानुवर्षं नेतो आहे, गाडी कुरकुरत नाही, मी क्लचला हात लावत नाही. नवीन गाडीत तिथे दुसरा टाकावा लागतो, हेच तर मी लिहिलं होतं! तुम्ही तेच वाक्य मला उलट ऐकवताय आणि वर जिंकल्यासारखं करताय.

पाऊण तासाबद्दल. सातारा-पुण्यात बहुतेक शोरूम तीन-चार किलोमीटरची फेरी देतात: हायवेचा सर्व्हिस रोड, एक यू-टर्न, परत. मला पाऊण तास मिळाला तो तिथल्या मॅनेजरशी ओळख असल्यामुळे. कास रस्त्याने वर जाऊन आलो. हंगाम संपल्यामुळे फुलं बघणाऱ्यांच्या गाड्या नव्हत्या. पाऊण तासात गाडीचं आयुष्य कळत नाही, कबूल. चेन किती दिवसांत सैल होते, सर्व्हिसला काय लागतं, हे कळायला वर्ष जातं. पण आपल्या मनगटाला, गुडघ्याला गाडी रुचते की नाही हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. लग्नाची बोलणी याहून कमी वेळात ठरलेली मी पाहिली आहेत, आणि ती टिकली आहेत.

त्याच दिवशी माझे दोन मित्र बरोबर होते, लेखात त्यांचा उल्लेख आहे. एक वाईचा, सहा फूट उंच, जुनी केटीएम ३९० अॅडव्हेंचर चालवणारा. तिची सीट ८५५ मिलिमीटर. तो ४५० वरून उतरला आणि म्हणाला, “शांत गाडी आहे रे, सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं.” दुसरा रोज दीडशे सीसीची गाडी चालवतो. तो उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, म्हणाला, “ही आपल्याला झेपायची नाही.” गाडी तीच, घाट तोच, डेमोची नंबर प्लेट तीच. एकाला शांत, एकाला जास्त, मला खाली आळशी. प्रत्येक जण आपली आधीची गाडी बुडाखाली घेऊनच नवीन गाडीवर बसतो. यात कोण चुकलं? आम्ही तिघांनी एकमेकांना ‘तुला चालवता येत नाही’ असं म्हटलं नाही. (मी वाईकराला म्हटलं, पण ते मिसळ खाताना. लिहून, चारचौघांत नाही.)

आता तुमच्या पाच फूट पाचबद्दल. उंची सारखी म्हणून पाय सारखे नसतात. कुणाची उंची धडात असते, कुणाची पायांत. काल रात्री बायकोला टेप धरायला लावून मोजलं: माझा पाय आतून ७४ सेंटिमीटर भरला. तिने विचारलं, “शिंप्याकडे जायचंय का?” गाडीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर. बसल्यावर सस्पेन्शन दबतं, हे खरं. पण सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे त्यावर मांड्या किती फाकतात ते ठरतं, आणि तेवढं अंतर पायातून वजा होतं. म्हणून कागदावर ८२५ ची एक गाडी पाय टेकू देते आणि दुसरी चवड्यावर उभं करते. हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं. १९६ किलोची गाडी उतारावर थांबवायची आणि टेकायला एकच चवडा, तोही खडीवर, हे ज्याने अनुभवलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. तुमचे पाय टेकतात, आनंद आहे. माझे टेकवून दाखवू नका.

बाकी टायरची हवा वगैरे. डेमो गाडी शोरूमची, हवा शोरूमची. ग्राहकाने गेज खिशात घेऊन जायचं काय?

सीटचं राहिलं. काल दुसऱ्याच कामासाठी शोरूमला फोन केला होता, तेव्हा सहज विचारलं. सीट वर लावलेली होती, ८४५ वर. आदल्या दिवशी कुणी उंच गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्यासाठी बदललेली, तशीच राहिली. म्हणजे ‘पाय टेकत नाहीत’ हे मी लिहिलं ते त्या दिवशी, त्या सीटवर, शंभर टक्के खरंच होतं. रविवारी सकाळी खाली लावून ठेवतो म्हणाले आहेत. जाऊन येईन. लेखात बदल करायचा की नवीन लिहायचा ते मग बघू. हवेचं विचारायचं राहून गेलं.