मालक आहेत का घरी?

सकाळी दोन पोरं आली मोटारसायकलवर. मी शेडात लेंड्या झाडत होते. "ताई, मालक आहेत का घरी? शेळीपालनाची माहिती घ्यायची होती."

म्हटलं, विचारा की. तर म्हणे, नको, थांबतो आम्ही.

आणि थांबली! बाजेवर बसून मोबाइलवर हिशोब. वीस शेळ्या, दोन वर्षांत तीन वेतं, दर वेताला दोन करडं, म्हणजे एकशे वीस. सात हजाराला एक धरलं तरी आठ लाख चाळीस हजार! मी दोन हातांवर झाडतेय आणि हे ऐकतेय. डोकं सणकलं ते अजून उतरलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

उस्मानाबादी शेळी जुळी देते, दोन वर्षांत तीनदा विते, खरंय. (2023 ला जिल्हा धाराशिव झाला, शेळी उस्मानाबादीच राहिली.) पण त्या हिशोबात मरतूक कुठंय? पहिल्या पावसाचं कोवळं गवत हावरटासारखं खातं ते कळपातलं सगळ्यात टुणटुणीत करडू. रात्री उड्या मारतं, सकाळी पाय ताठ. आंत्रविषार. मरतुकडं कधी जात नाही त्यात, चांगलंच जातं. त्याची लस पावसाळ्याआधी टोचायची असते. ती तारीख आमच्या घरात कोण ध्यानात ठेवतं, विचारा.

मागच्या श्रावणात एक शेळी अडली. तिसरं वेत, कळा सुरू होऊन तास उलटला तरी बाहेर नुसता एक खूर. डॉक्टर दुसऱ्या गावात अडकलेले, फोनवरून सांगत होते. आमचे हे बॅटरी धरून उभे. त्यांचा पंजा केवढा, आत जाणार कसा? मी बांगड्या उतरवल्या, कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं आणि हात घातला. करडाचा दुसरा पाय मागं दुमडलेला. पिशवीला खूर लागू नये म्हणून तो मुठीत झाकून हळूहळू पुढं आणला. एक निघालं, दुसरं आपसूक आलं. तिसरं आलं ते गारच. नाकातला चिकटा काढला, मागचे पाय धरून झुलवलं, पोत्यानं खसाखसा चोळलं, शेवटी नाकात गवताची काडी घातली. तेव्हा शिंकलं.

त्या रात्री मालक कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

विम्याचं तेच. कानात बिल्ला मारताना शेळी दाबून धरली मी, कागदावर नाव यांचं. बँकेत गेलं तर सातबारा यांच्या नावावर, त्यामुळं बोलायचं यांच्याशी. मी शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन. आता कुणी म्हणेल, भाऊजी काहीच करत नाहीत का? करतात. बोकड बाजारात तेच नेतात, तुरीचं भूसकट तेच भरून आणतात. बास, केलं कबूल.

आमच्या सासूबाईंच्या दोन शेळ्या असायच्या, बाभळीला बांधलेल्या. नणंदेच्या लग्नातले पैंजण त्याच शेळ्यांच्या पैशातले. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली आम्ही बैल विकले. शेळ्या बाभळीच्या शेंगांवर निभावल्या. तोवर शेळ्या राखणं म्हणजे बायकांचं काम, गडीमाणसाला कमीपणा वाटायचा. पत्र्याचं शेड झालं, वर 'गोट फार्म'ची पाटी लागली, की व्हिडिओत पांढरा शर्ट घालून उभे राहायला सगळे तयार!

जाऊ दे. लिहिता लिहिता जरा गार झाले.

ती शिंकलेली पाट, म्हणजे तरणी शेळी, आता गाभण आहे. मी शेडात गेले की पदर चघळत मागं मागं फिरते. तिच्या दोन्ही भावांना बकरी ईदच्या तोंडावर चांगला दर आला. टेम्पो आला तेव्हा मी आत जाऊन बसले. विकायलाच पाळतो, कळतं सगळं, तरी चढवताना बघवत नाही. पैसे मात्र दोनदा मोजून घेतले.

तर ती पोरं. दुपारी आमचे हे आले. पोरांनी वही काढली, कोणती लस कधी द्यायची विचारलं. हे म्हणाले, "मला काय विचारता, तिला विचारा." मग आली खाली माना घालून. चहा पाजला. सांगितलं, वीस नको, पाच घ्या. करडू जन्मलं की अर्ध्या तासात चीक पाजा, तिसरा महिना सरला की पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस द्या. आणि घरात आई, वहिनी असेल तर पाचांचं ठरवायच्या आधी तिला विचारा, कारण निस्तरायचं तिलाच आहे.

अजून कुणाला बघायला यायचं असेल तर खुशाल या, सहाच्या आत या, धारा काढताना बोलू. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून दारात चुन्याचा खड्डा केलाय, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. करडाबरोबर फोटो काढायचा असला तरी.