प्रिंटच्या आधीच मशीन पडतं तेव्हा

भाऊ, मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: ब्रेकपॉईंट (प्रोग्रॅम ठरल्या जागी थांबवणारी खूण) ही कुबडी आहे, पोट्ट्यांना जागोजागी प्रिंट (पडद्यावर मजकूर दाखवणारी ओळ) टाकून डोकं चालवू द्यावं, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सना डीबगर (प्रोग्रॅम थांबवून आतून तपासायचं साधन) आवडत नाही, आणि मी सांगितलं तसं करूनही तुमच्या मशीनवर ब्रेकपॉईंट लागलाच नाही.

टॉरवाल्ड्सचं खरं आहे. २००० साली त्यांनी ते स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. डीबगर हाताशी असला की माणूस मूळ न शोधता वरवर ठिगळ लावतो, ही त्यांची धास्ती मलाही पटते. तरी २००८ मध्ये २.६.२६ आवृत्तीत केजीडीबी हे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तपासायचं साधन मुख्य लिनक्समध्ये आलंच.

प्रिंटबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, वाचनालयातल्या जुन्या लॅपटॉपवर एक बारावीचा मुलगा स्वतःचं छोटं कर्नल लिहितो. जानेवारीत त्याचं मशीन इंटरप्ट (प्रोसेसरला हातचं काम मध्येच थांबवायला लावणारा इशारा) चालू केल्याबरोबर रीसेट व्हायचं, परत बूट व्हायचं, परत रीसेट. पडद्यावर अक्षर उमटायला वेळच नाही. तुमचं प्रिंट इथे कुठे टाकणार?

आम्ही क्यूएमूमध्ये (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) इंटरप्ट चालू करणाऱ्या सूचनेवर ब्रेकपॉईंट लावला आणि एकेक सूचना पुढे सरकलो. काहीच झालं नाही! पंचवीस-तीस पावलं चाललो, सगळं सुरळीत. 'कंटिन्यू' म्हटलं की लगेच रीसेट. त्या पोराचं तोंड पडलं. पण हेच उत्तर होतं. एकेक पाऊल चालवताना क्यूएमू मुळातच इंटरप्ट आणि टायमर थांबवून ठेवतं. म्हणजे रीसेट आम्ही चालवलेल्या ओळींमुळे होत नव्हता, टायमरच्या इंटरप्टमुळे होत होता. जुन्या पीसीत टायमरचा इंटरप्ट आठव्या क्रमांकावर येतो, आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये (त्याचं कर्नल ज्यात चालतं ती प्रोसेसरची अवस्था) आठवा क्रमांक डबल फॉल्टचा, म्हणजे एक चूक हाताळताना झालेल्या दुसऱ्या चुकीचा. त्याने इंटरप्ट टेबलात (कोणत्या क्रमांकाला कोणतं फंक्शन चालवायचं याची यादी) कीबोर्डसाठी ३३ वा रकाना भरला होता, पण इंटरप्ट कंट्रोलरला (इंटरप्ट क्रमांकासह प्रोसेसरकडे पोहोचवणारी चिप) ३२ पासून सुरू कर हे सांगायचंच राहिलं होतं. आठवा रकाना रिकामा, म्हणून ट्रिपल फॉल्ट, म्हणजे तिसरी चूक आणि मशीन रीसेट. आठव्यावर एक रिकामं फंक्शन बसवून तिथे ब्रेकपॉईंट लावला आणि मशीन बरोब्बर तिथेच थांबलं. तेवढ्यात लाईन गेली, पण लॅपटॉपची बॅटरी टिकली.

याला कुबडी कसं म्हणू? आणि ब्रेकपॉईंट आतून कसा चालतो हे कळायलाही एक्सेप्शन (प्रोसेसरने स्वतःच उठवलेला इंटरप्ट) कळावंच लागतं. एक्स८६ वर (नेहमीच्या पीसीतले इंटेल-एएमडी प्रोसेसर) डीबगर सूचनेचा पहिला बाइट काढून ठेवतो आणि तिथे हेक्समधला 'सीसी' हा एका बाइटचा कोड लिहितो. प्रोसेसर तिथे पोहोचला की तिसरं एक्सेप्शन उठतं. मग मूळ बाइट परत ठेवायचा, सूचनेचा पत्ता एकने मागे घ्यायचा, ट्रॅप फ्लॅग (एका सूचनेनंतर थांबायला लावणारा बिट) लावून ती एकच सूचना चालवायची. त्यानंतर पहिल्या क्रमांकाचं एक्सेप्शन येतं, तेव्हा 'सीसी' पुन्हा जागेवर. हे आमच्या पोट्ट्यांनी वहीत काढून दाखवलं, त्या दिवसापासून त्यांना इंटरप्ट टेबलाची भीती राहिली नाही.

एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे. प्रोसेसरचे दोन कोर मेमरीतल्या एकाच यादीवर हात टाकतात आणि गडबड होते, तिथे मशीन थांबवलं की वेळेचं गणितच बदलतं आणि चूक दिसेनाशी होते. तिथे मी स्वतः बफरमध्ये (मेमरीतली राखीव जागा) नोंदी ठेवतो आणि मग वाचतो.

आता तुमची अडचण. तुम्ही लिहिलंत की केव्हीएम (क्यूएमूतलं मशीन थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी लिनक्सची सोय) चालू होतं आणि बूट व्हायच्या आधीच ब्रेकपॉईंट लावला. केव्हीएममध्ये तो 'सीसी' खरोखर मेमरीत लिहिला जातो. त्यानंतर कर्नल येऊन त्याच जागेवर बसलं की तो पुसला जातो. म्हणून डीबगरला 'ब्रेक' या आज्ञेच्या जागी 'एचब्रेक' (हार्डवेअर ब्रेकपॉईंट) द्या. तो प्रोसेसरच्या डीबग रजिस्टरमध्ये राहतो, १९८५ च्या ८०३८६ पासून अशी चार जागांची सोय आहे. आणि लिनक्स असेल तर बूटच्या ओळीत 'नोकेएएसएलआर' टाका, नाहीतर कर्नलचा पत्ता दरवेळी वेगळा पडेल. करून पाहा, आणि मशीन कोणत्या फंक्शनवर थांबलं ते इथेच लिहा.