देशी झाड लावलं, पण कुणाचं बी?

महाराष्ट्रातल्या वृक्षलागवडीचा वाद मी जर्मनीत राहूनही न चुकता वाचते. 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं, तेव्हा भांडण आकड्यांचं होतं: किती लावली, किती जगली. हल्ली देशी की विदेशी यावर जुंपते. ग्लिरिसिडिया नको, वड लावा. मी देशीच्याच बाजूची आहे. पण कुठल्या वडाची फांदी, हे कुणी विचारत नाही आणि मला तोच प्रश्न कळीचा वाटतो.

फांदीपासून वाढवलेला वड मूळ झाडाचीच प्रत असतो. एकाच वडाच्या फांद्या दहा गावांत लावल्या, तर झाडं दहा आणि वाण एकच.

युरोपात काळ्या पॉप्लरच्या बाबतीत हेच दिसलं. नद्यांचे काठ बांधून काढले तसं हे काठावरचं झाड दुर्मीळ झालं, म्हणून ठिकठिकाणी फांद्या लावून त्याचे संग्रह उभारले गेले. 9 संग्रहांतले 675 नमुने मार्करांनी, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणांनी, तपासल्याचा अभ्यास 2004 मध्ये आला. डीएनएमध्ये काही छोटे तुकडे लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा, ते झाडागणिक बदलतं, त्यावरून ओळख पटते. वेगवेगळ्या नोंदींखाली निगुतीने जपलेली कित्येक झाडं प्रत्यक्षात एकच निघाली!

बियांचंही तसंच. हाताशी असलेल्या दोन-चार सागांखालचं बी वेचलं की रोपवाटिकेतून भावंडंच बाहेर पडतात आणि पुढची पिढी त्यांच्या आपसातल्या संकरातून येते. एकमेकांशी नातं नसलेल्या 30 झाडांचं बी घेतलं, तर फार विरळ नसलेली बहुतेक जनुकरूपं, म्हणजे एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं, हाती लागतात. दक्षिण जर्मनीत एक ऐच्छिक प्रमाणपत्र आहे: बी गोळा करतानाच नमुना राखून ठेवायचा आणि नर्सरीतली रोपं त्याच्याशी जुळतात का, ते प्रयोगशाळेत तपासायचं.

हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. जर्मनीतल्या जंगलांत मोजक्या जाती, सह्याद्रीत शेकडो. शिवाय झाड दुष्काळात तगेल का, हे असे मार्कर सांगत नाहीत. त्यासाठी वेगवेगळ्या भागांतलं बी शेजारी शेजारी लावून वर्षानुवर्षं पाहावं लागतं. म्हणून साग, चंदन आणि सीतेचा अशोक एवढ्यांपासून सुरुवात करावी. वनवृक्षांच्या आनुवंशिकीवर काम करणारी संस्था कोइमतूरला आहेच. आणि एका गोष्टीला तर प्रयोगशाळाही लागत नाही: रोपांच्या प्रत्येक खेपेसोबत बी कुठल्या जंगलातलं आणि किती झाडांचं, हे वन विभागाने येत्या हंगामापासून लिहून द्यावं.