नाव मोठं आहे, पण उमेदवारी कुठे केली?

नमस्कार परळकर,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की फुटबॉलमध्ये केवळ मोठा खेळाडू होता एवढ्या भांडवलावर कुणाच्या हातात क्लब देऊ नये. त्यावर परळकरांचे आक्षेप असे: गार्डिओला, झिदान, अँचेलोटी, क्रॉयफ हे सगळे मोठे खेळाडूच होते, मग मुद्दा उरतो कुठे? ज्याने स्वतः मोठी मैदानं गाजवली नाहीत त्याचं ड्रेसिंग रूममध्ये कोण ऐकणार? क्रिकेटमध्ये तरी न खेळलेल्या माणसाला कुणी विचारतं का? आणि शेवटी, 'तुम्हाला स्टार लोकांचा राग दिसतो.'

राग अजिबात नाही. 2002 च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला झिदानचा तो डाव्या पायाचा व्हॉली मी आजही कुणी दाखवला तर हातातलं काम टाकून बघतो. माझा राग आहे तो नाव बघून नेमणूक करणाऱ्या मालकांवर, आणि त्या नेमणुकीपायी ज्यांची नोकरी जाते त्या माणसांसाठी मला वाईट वाटतं. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी तुमची यादी. चारही नावं निर्विवाद आहेत. पण खेळणं थांबवल्यापासून मोठा क्लब हातात येईपर्यंत ही माणसं काय करत होती ते बघा. गार्डिओलाला 2007 मध्ये बार्सिलोनाची बी टीम मिळाली, तीही नुकतीच खाली घसरलेली, स्पेनच्या चौथ्या पातळीवर खेळणारी. वर्षभर छोट्या गावांच्या मैदानांवर मॅचेस खेळून त्याने ती टीम वर आणली. बुस्केट्स आणि पेद्रो त्याच टीममधले. पुढच्या वर्षी मोठी टीम हाती आल्यावर कुणाला वर घ्यायचं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती, त्याने ती मुलं चिखलात खेळताना पाहिलेली होती. अँचेलोटी 1994 च्या वर्ल्ड कपला इटलीच्या टीममध्ये साकीचा सहायक होता. हा आरिगो साकी स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळला नव्हता, बुटांच्या धंद्यात होता. मिलानकडून दोन युरोपियन कप जिंकलेला अँचेलोटी त्याच्याच हाताखाली शिकला आणि मग दुसऱ्या डिव्हिजनमधल्या रेज्जियानाला वर घेऊन आला. पार्मा, युव्हेंटस, मिलान हे सगळं त्यानंतर. झिदान एक सीझन अँचेलोटीच्या बाजूला बसला, मग रियलची दुसरी टीम कॅस्टिया घेतली. तिथे पहिल्या सीझनमध्ये तो सहावा आला, टीम वर गेली नाही. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, आणि तिसऱ्या पातळीवर सहावा! तरी तो तिथेच थांबला आणि शिकत राहिला. 2016 च्या जानेवारीत मोठी टीम मिळाली तेव्हा तो तयार होता.

झाबी अलोन्सोचं नाव तुमच्या यादीत नाही, पण तो तर याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. रियल सोसिएदादच्या बी टीमबरोबर त्याने तीन सीझन काढले. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतला लेव्हरकुझेन क्लब हाती आला तेव्हा तो सतराव्या नंबरवर होता. 2023-24 मध्ये एकही मॅच न हरता बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली, क्लबच्या इतिहासातली पहिली.

आता दुसरी बाजू. इटलीचा नामवंत मिडफिल्डर पिर्लो. त्याला युव्हेंटसने 2020 च्या जुलै अखेरीस आपल्या अंडर-23 टीमचा कोच म्हणून नेमलं. योग्य निर्णय होता तो. दहा दिवसांतच मोठ्या टीमचा कोच सारी याला काढलं आणि पिर्लोला थेट मोठी टीम दिली. अंडर-23 बरोबर त्याने एक मॅचही केली नव्हती. कोवेर्चियानो या इटलीच्या कोचिंग केंद्रात प्रो लायसन्ससाठी, म्हणजे कोचच्या सर्वोच्च परवान्यासाठी, लागणारा प्रबंध त्याने सादर केला तो सप्टेंबरमध्ये, नेमणुकीनंतर. सलग नऊ वर्षं लीग जिंकणारी टीम त्या वर्षी चौथी आली. कोपा इटालिया, म्हणजे इटलीचा कप, जिंकला हे खरं, पण मे महिन्यात त्याला निरोप दिला गेला. पिर्लोला फुटबॉल कळत नाही असं म्हणायची माझी छाती नाही. त्याला उमेदवारीचे ते दोन-तीन सीझन मिळायला हवे होते, आणि ते क्लबनेच त्याच्याकडून काढून घेतले.

इंग्लंडचा माजी डिफेंडर गॅरी नेव्हिलचं स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातही तेच. भाषा येत नाही, कधी क्लब सांभाळलेला नाही, आणि सीझनच्या मध्यात टीम हातात. लीगमधल्या पहिल्या नऊ मॅचेसमध्ये एकही विजय नाही, कपमध्ये बार्सिलोनाकडून 7-0. चार महिन्यांत खेळ खलास. थिएरी हेन्रीला मोनॅकोत तेवढेही दिवस मिळाले नाहीत.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र बर्मिंगहॅम सिटीची आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जॉन युस्टेस मॅनेजर होता. साधा मिडफिल्डर, बहुतेक आयुष्य इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेलं, किडरमिन्स्टरसारख्या छोट्या क्लबमध्ये मॅनेजरीची सुरुवात केलेली. टीम सहाव्या नंबरवर. मालक नवे होते, त्यांना मोठं नाव हवं होतं. युस्टेसला काढलं आणि इंग्लंडचा स्टार स्ट्रायकर वेन रूनीला आणलं. रूनीच्या पंधरा मॅचेसमध्ये दोन विजय, टीम विसाव्या नंबरवर. जानेवारीत रूनीही गेला आणि सीझनच्या शेवटी क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये उतरला. रूनीने आधी डर्बी या क्लबमध्ये पैशाच्या आणि पॉइंट कापले जाण्याच्या संकटात प्रामाणिकपणे काम केलं होतं, त्याला नालायक ठरवणं अन्याय होईल. पण चांगलं चाललेलं काम मोडून त्याला बसवायचं कारण काय होतं? फक्त नाव. युस्टेसच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं, कारण त्याच्या नावाचा शर्ट कुणी घालत नाही.

आता ड्रेसिंग रूम. इथे तुमच्या म्हणण्यात दम आहे आणि तो मी मान्य करतो. झिदानच्या आधी रियलमध्ये राफा बेनिटेझ होता. खेळाडू म्हणून सामान्य, कोच म्हणून लिव्हरपूलला युरोपचा चॅम्पियन केलेला. तरी रियलची ड्रेसिंग रूम त्याला कधी मिळाली नाही. झिदानने 2016-17 मध्ये रोनाल्डोला लीगच्या बऱ्याच मॅचेसना विश्रांती दिली. रोनाल्डोला 'तू आज बसायचंस' हे सांगणं म्हणजे काय असतं! झिदानकडून त्याने ते ऐकून घेतलं, आणि एप्रिल ते जूनमध्ये बायर्नला दोन मॅचेसमध्ये पाच, ॲटलेटिकोला तीन आणि फायनलमध्ये युव्हेंटसला दोन गोल मारले. दुसऱ्या कुणाचं त्याने असं ऐकलं असतं का? मला शंका आहे. अशा टीममध्ये, अशा खेळाडूंपुढे, नावाचं वजन खरोखर कामाला येतं.

पण असे क्लब जगात किती? आणि हे वजन टिकतं किती दिवस? खेळाडू पहिला आठवडा आदराने बघतात. मग त्यांना उत्तरं हवी असतात. समोरची टीम तिघांना मागे ठेवून खेळतेय, आमच्या विंगरने कुणाला धरायचं? मला सलग चार मॅचेस का बसवलं? हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत काय बदलायचं? तिथे कपाटातली मेडल्स उपयोगी पडत नाहीत.

अंधेरीतल्या एका मैदानावर मी मुलांचं कोचिंग बघायला जात असतो. तिथे एक माजी खेळाडू यायचे, ऐन उमेदीत मुंबईतल्या एका नामवंत कंपनीच्या टीमकडून खेळलेले. पाठीवर डिफेंडर असताना बॉल घेऊन वळायचं कसं हे ते पोरांना दाखवायचे. पन्नाशीतही इतकं सुंदर वळायचे की बघत राहावं. 'असं, बघ, असं.' पोरं करायची आणि बॉल गमवायची. पुन्हा 'असं.' पुन्हा बॉल गेला. त्यांच्याबरोबरचा दुसरा कोच, कुठेही नाव नसलेला, एका मुलाला थांबवून म्हणाला, 'पास यायच्या आधी तू मागे वळून बघितलंस का?' मुलगा म्हणाला, नाही. 'आता पास निघायच्या आधी एकदा बघ, आणि पास येत असताना परत एकदा.' मग त्याने पास देणाऱ्याला चार पावलं मागे नेलं, म्हणजे बघायला वेळ मिळेल. अर्ध्या तासात तीन-चार पोरं बऱ्यापैकी वळायला लागली. मोठ्या खेळाडूने आयुष्यभर ते मागे बघणं केलेलं होतं, पण आपण ते करतो हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. जे न शिकता आलं ते शिकवायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक उपजत गुणवान खेळाडूपुढे कधीतरी येतो. गार्डिओलासारख्यांना त्याचं उत्तर सापडलं, कारण ते खेळत असतानाही हेच प्रश्न विचारत होते. पाय मंद, म्हणून डोकं सतत चालू.

आपल्या मुंबईत तर हा प्रयोग डोळ्यांसमोर झालाय. 2015 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी क्लबने फ्रान्सच्या निकोला अनेल्काला खेळाडू आणि मॅनेजर अशी दुहेरी जबाबदारी दिली. चॅम्पियन्स लीग जिंकलेला, इंग्लंडमध्ये गोल्डन बूट मिळवलेला माणूस. टीममध्ये सुनील छेत्री होता, ऐन भरात होता, त्या सीझनमध्ये त्याने आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक केली. तरी टीम आठांत सहावी आली, आणि फातोर्ड्याला गोव्याकडून 7-0 हरली. नेरुळला त्या सीझनच्या मॅचेस बघितलेल्या कुणालाही विचारा, टीमला आकार असा नव्हताच. त्यानंतर मुंबई सिटीला जे मिळालं ते कुणी मिळवून दिलं? 2020-21 मध्ये लीग शील्ड (लीग टप्प्यात पहिलं येण्याचं बक्षीस) आणि कप दोन्ही, सर्जिओ लोबेरा. 2022 मध्ये एएफसी, म्हणजे आशियाई, चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आणि पुढच्या वर्षी पुन्हा शील्ड, डेस बकिंगहॅम. 2024 मध्ये कलकत्त्यात मोहन बागानला हरवून कप, पीटर क्रॅटकी. या तिघांपैकी एकाचंही पोस्टर खेळाडू म्हणून आपल्यापैकी कुणाच्या भिंतीवर नव्हतं.

तुम्ही इटलीच्या मातेराझीचं उदाहरण देऊ शकता, आणि ते रास्तच असेल. वर्ल्ड कप जिंकलेला, कोचिंगचा फारसा अनुभव नसलेला, आणि 2015 मध्ये चेन्नईयिनला चॅम्पियन केलं. पुढच्या वर्षी तोच क्लब सातवा. लिव्हरपूलचा स्टार केनी दालग्लिशही आहे. 1985 मध्ये खेळता खेळता लिव्हरपूलचा मॅनेजर झाला आणि पहिल्याच सीझनमध्ये लीग आणि एफए कप. पण त्याच्या मागे सल्लागार म्हणून क्लबचा जुना मॅनेजर बॉब पेस्ली होता, आणि वर्षानुवर्षं त्याच क्लबमध्ये मुरलेला कोचिंग स्टाफ होता. दालग्लिशच्या कर्तृत्वातून मी काही वजा करत नाही, पण तो एकटा नव्हता.

क्रिकेटचा मुद्दा परळमध्ये बसून तुम्ही लिहावा याचं मला नवल वाटलं. आचरेकर सर फक्त एक प्रथम श्रेणी सामना खेळले होते. तुम्ही म्हणाल ते मुलांचे गुरू, संघ सांभाळणं वेगळं. मग चंद्रकांत पंडित घ्या. पाच कसोटी सामने. मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश, तिन्ही संघांना रणजी जिंकून दिली, आणि 2022 ची तर मुंबईलाच हरवून.

ज्या माणसाचा विचार करून मी मागचा लेख लिहिला तो खालिद जमील. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, भारताकडूनही खेळलेला. चांगला मिडफिल्डर, पण स्टार नव्हे. 2009 पासून सात वर्षं त्याने मुंबई एफसी सांभाळली. पैसा बेताचा, प्रेक्षक मोजके, आणि दर सीझनला खाली घसरण्याची टांगती तलवार. त्या सात वर्षांत कुठल्या मोठ्या क्लबने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. मग तो मिझोरममधल्या ऐजॉलला गेला. आदल्या वर्षी खाली घसरलेला आणि नंतर परत घेतलेला क्लब. 2017 मध्ये त्या टीमला त्याने आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, ईशान्येतल्या क्लबने जिंकलेली पहिली. त्यानंतरही आयएसएलमध्ये कायमचा हेड कोच व्हायला त्याला 2021 उजाडलं, आणि तो तिथला पहिला भारतीय होता. भारताची टीम त्याच्याकडे आली ती 2025 मध्ये. या मधल्या काळात आपल्या लीगमध्ये मोठी परदेशी नावं आली, फोटो झाले, गेली. रॉबी फाउलरला ईस्ट बंगाल, टेडी शेरिंगहॅमला कलकत्त्याचाच एटीके. दोघांनाही टीम वर नेता आली नाही.

म्हणून मी म्हणतो की स्टारला मनाई नको, पण रांगही चुकवू देऊ नका. दोन सीझन ज्युनियर टीम, नाहीतर छोटा क्लब, नाहीतर चांगल्या मॅनेजरच्या बाजूची खुर्ची. लिव्हरपूलचा माजी कर्णधार जेरार्ड. त्याने लिव्हरपूलच्या अंडर-18 मुलांबरोबर वर्ष काढलं, मग स्कॉटलंडच्या रेंजर्सला एकही लीग मॅच न हरता चॅम्पियन केलं. पुढे इंग्लंडमधल्या ॲस्टन व्हिलात नाही जमलं, तिथे उनाई एमेरीने येऊन तीच टीम सातवी आणली. एमेरी खेळाडू म्हणून बहुतेक काळ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. उमेदवारी केली की यश नक्की असं नाही, हे जेरार्डवरूनच दिसतं. पण निदान खेळाडूंची आणि प्रेक्षकांची फसवणूक तरी होत नाही.

क्रॉयफबद्दल मी इथे लिहिलं नाही, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. बार्सिलोनात त्याने जे उभं केलं त्यावर गार्डिओलासारख्यांचं घर उभं आहे. तुम्ही विचारलंय, मुंबई सिटीने उद्या पुन्हा मोठं नाव आणलं तर अंधेरीला मॅच बघायला याल का. येईन, तिकीट काढून येईन. पण त्याच्या बाजूला सहायक म्हणून कोण भारतीय कोच बसलाय आणि त्याला ट्रेनिंगमध्ये काय करू देतात, हे मी आधी बघीन. दालग्लिश आणि पेस्लीबद्दल तुमच्याकडे आणखी काही असेल तर जरूर लिहा.